पुरुषाचे तुटलेपण आणि स्त्रीची निंदा



वसंत ऋतूतील व्याख्यानाला श्रोते येतात ते दिवसभराचा उकाडा आणि लोकलमधली रेटारेटी सोसून. सायंकाळी घटकाभर बसावे, चार बऱ्या गोष्टी कानी पडाव्यात, एवढीच त्यांची अपेक्षा असते. अशा वेळी मी जरा कडू विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे, याची मला जाणीव आहे. तथापि विषय कडू असला तरी परका नाही. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत अशी घरे आज थोडीच असतील, की ज्या घरातल्या मुलीने किंवा सुनेने मोबाईलवर कुणा अनोळखी माणसाची घाणेरडी शिवी वाचलेली नाही. आणि रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलच्या उजेडात एकटा जागणारा तरुणही आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या समजतो. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे काय, आणि असल्यास तो कोणता, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे बाजारात मिळतात. एक उत्तर असे की, मुली शिकल्या, मिळवत्या झाल्या, शेफारल्या. मग पुरुष बिचारा चिडणार नाही तर काय करील? दुसरे उत्तर असे की, पुरुषाची जातच तसली, तिला औषध नाही. पहिले उत्तर अन्यायाचे आहे आणि दुसरे निराशेचे. दोहोंत एक सोय मात्र सारखीच आहे. ती उत्तरे दिली की आपल्याला पुढे काही करावे लागत नाही. मला आज ही सोय आपल्याला मिळू द्यायची नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. स्त्रीची जाहीर निंदा मोबाईलने आणली असे पुष्कळांना वाटते. मोबाईलला मी निर्दोष ठरवणार नाही. पण हा रोग त्याच्याहून कितीतरी जुना आहे. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला. तिला आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर जी चिखलफेक झाली, ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतप्त झाल्या आणि त्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून घेतले. त्यांचा प्रश्न साधा होता. जे दोष तुम्ही स्त्रियांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? या प्रश्नाला उत्तर देण्याचे सोडून लोकांनी बाईंचीच टवाळी केली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण पुस्तक विस्मृतीत गेले, ते थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. ताराबाईंच्या नावावर दुसरे पुस्तक नाही. निंदेने काय साधते असे कुणी विचारले तर मी हे उदाहरण देईन. निंदेने कुणाचे मत बदलत नाही, पण बोलणारीचे तोंड मात्र बंद होते.

कल्याणकरांना तर उदाहरणासाठी लांब जायलाच नको. आनंदीबाई जोशी या कल्याणच्या घराण्यातल्या. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी या टपाल खात्यातल्या, वयाने वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या बिजवराशी झाले. पुढे मुंबईस असताना ही मुलगी पुस्तके घेऊन शाळेला निघाली की रस्त्यात लोक जमत, हसत, खडे मारीत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्या मुलीने १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून एम. डी. ही पदवी मिळवली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बाविशी पुरी होण्याआधीच, पुण्यात तिचा अंत झाला. खडे मारणारांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत.

परंतु मला अधिक विचार करण्यासारखे वाटतात ते गोपाळराव. बायकोने शिकावे म्हणून या माणसाने समाजाशी वैर पत्करले. अभ्यास चुकला म्हणून त्याच बायकोवर त्याने हातही उगारला. आणि ती परदेशात नावारूपाला येऊ लागली तेव्हा त्याच्या पत्रांतून तिला टोचणारे शब्द जाऊ लागले. त्याला पुढे जाणारी बायको हवी होती. ती आपल्याला मागे टाकून पुढे जाईल, याची तयारी त्याच्या मनाने केलेली नव्हती. गोपाळराव दुष्ट होते असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण तसे केले तर आपल्या स्वतःच्या घरातले गोपाळराव आपल्याला ओळखू येणार नाहीत.

आणखी एकच जुनी गोष्ट सांगतो. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, प्रौढ, अविवाहित मुलींच्या मनातले दुःख त्यात उघडपणे सांगितले होते. एवढ्यावरून महाराष्ट्रात वादळ उठले, आणि ही बाई आहे तरी कोण, याचा शोध सुरू झाला. मालतीबाई बेडेकरांनी टोपणनाव घेतले होते ते उगाच नव्हे. आता यातला फरक पाहा. त्या काळी नाव लपवावे लागे ते लिहिणाऱ्या स्त्रीला. शिव्या देणारा आपल्या नावाने, सभेत उभा राहून, अग्रलेख लिहून शिव्या देई. आज मुलगी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या छायाचित्रासह लिहिते, आणि तिला शिवी देणारा खोट्या नावाआड बसलेला असतो. ही एका अर्थी प्रगतीच आहे. शिवी देणाराला आता आपल्या शिवीची लाज वाटू लागली आहे, निदान आपण कोण हे कळू नये एवढी तरी. पण ही प्रगती त्या मुलीच्या उपयोगाची नाही. समोर दिसणाऱ्या टवाळाला टाळून दुसऱ्या रस्त्याने जाता येते. न दिसणारा टवाळ तिच्या उशापर्यंत येतो.

या नव्या प्रकाराची व्याप्ती किती, हे आकड्यांनी सांगतो. अ‍ॅम्नेस्टी या संस्थेने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात भारतातील ९५ राजकारणी स्त्रियांना उद्देशून ट्विटरवर लिहिलेला मजकूर तपासला. सरासरीने दर सात उल्लेखांपैकी एक आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचा निघाला. आमदार-खासदार स्त्रियांची ही गत, तर नुकतीच कॉलेजात गेलेली मुलगी काय सोसत असेल? २०२२ च्या पहिल्याच दिवशी ‘बुली बाई’ नावाच्या एका अ‍ॅपवर शंभराहून अधिक मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे, जणू त्यांचा लिलाव मांडला आहे अशा रीतीने, लावण्यात आली. मुंबई पोलिसांनी तपास केला. पकडलेल्यांत बंगळूरचा २१ वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. उत्तराखंडातील १८ वर्षांची एक मुलगीही होती. सराईत गुंड नव्हे, आपल्या घरी अभ्यासाला बसतात त्या वयाची ही मुले! मुलगीसुद्धा या कामात सापडावी, यावरून हेही दिसते की हा द्वेष पुरुषाच्या रक्तातून येत नाही. तो शिकवला जातो.

तर मग तो कोण शिकवतो, आणि शिकणारा इतक्या सहजपणे का शिकतो? आता आपण त्या दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या तरुणाकडे वळू.

त्याच्या आजोबांपासून सुरुवात करावी लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पुष्कळांची नोकरी पुन्हा मिळालीच नाही. त्यांतली कितीतरी कुटुंबे लालबाग-परळ सोडून आपल्या बाजूला, डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे सरकली. इकडेही कारखान्यांचे दिवस भरत आलेच होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत जेथे यंत्रे धडधडत, तेथे काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. कल्याणजवळ मोहन्याची नॅशनल रेयॉन कंपनी २००९ साली बंद पडली आणि तिच्या वसाहतीतली हजारो माणसे देणी मिळतील म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहत राहिली. कारखाना नुसता पगार देत नाही. तो माणसाला नाव देतो, पाळी देतो, शेजारच्या यंत्रावरचा सोबती देतो, युनियन देतो, गणपतीच्या मंडळाची वर्गणी मागणारा मित्र देतो. हे सगळे एकदमच गेले. त्या काळचा कामगार देवमाणूस होता असे मी म्हणत नाही. पगाराच्या दिवशी दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार कितीतरी बायकांनी खाल्ला आहे. पण त्याला स्वतःला तरी आपण कोण, हे ठाऊक होते.

आता नातू पाहा. असा एखादा तरुण आपण कल्पनेनेच डोळ्यांसमोर आणू. पदवी आहे, पण नोकरी कंत्राटी, अकरा महिन्यांची. तीही सुटली की मोटारसायकलवरून लोकांच्या घरी पार्सले पोहोचवायची. त्याचा मालक त्याने कधी पाहिलेला नाही, कारण मालक मोबाईलमध्ये राहतो. काम देतो तो मोबाईल, दंड करतो तो मोबाईल, आणि एके दिवशी कारण न सांगता काम बंद करतो तोही मोबाईल. तक्रार कुणाकडे करावी, भांडावे कुणाशी? घरी दोन खोल्यांत चार माणसे. वडिलांशी बोलणे ‘जेवलास का’ एवढेच. बरोबरीचे मित्र पांगले. लग्नाची गोष्ट निघते तेव्हा मुलीकडचे विचारतात, स्वतःचा फ्लॅट आहे का, पगार किती, नोकरी कायम आहे का. या प्रश्नांत मुलीकडच्यांचा काही दोष नाही; आपल्या मुलीच्या वेळी आपणही हेच विचारतो. पण पाच ठिकाणी नकार आलेल्या त्या मुलाच्या कानांत एकच वाक्य घुमत राहते, की तू कमी पडलास. शेजारच्या इमारतीतली, त्याच्याच वर्गात शिकलेली मुलगी सकाळी सातच्या लोकलने ऐरोलीच्या कंपनीत जाते आणि त्याच्या दुप्पट मिळवते.

हे दुःख खोटे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून अधिक माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांत दर दहांपैकी सात पुरुष होते, आणि सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. पुरुषाला दुःखच नसते, किंवा असले तरी त्याने ते गिळावे, असे मानणारा समाज या आकड्याला जबाबदार आहे. ‘मुलीसारखा रडतोस काय?’ हे वाक्य आपण सहा वर्षांच्या पोराला ऐकवतो. त्या एका वाक्यात दोन धडे असतात. एक, रडू नये. दुसरा, मुलगी असणे ही शरमेची गोष्ट आहे. पहिल्या धड्याने मुलगा एकाकी होतो आणि दुसऱ्याने त्याच्या मनात तुच्छतेचे बी पडते. ही दोन्ही पिके वीस वर्षांनी एकदमच कापणीला येतात.

आता त्या रात्री तो तरुण मोबाईलवर काय करतो? कुणी तरी बोलावे म्हणून तो चाचपडत असतो. आरंभी त्याला व्यायामाची, पैसे कमावण्याची, आत्मविश्वासाची चित्रफीत दिसते. ती वाईट नसते. एका चित्रफितीवर त्याचा अंगठा घटकाभर जास्त थांबतो. तिच्यात कुणी पिळदार दंडांचा गृहस्थ सांगत असतो की, तुझ्या अपयशाला बायका कारणीभूत आहेत, त्यांना वठणीवर आणायला शीक. आपण गुरुवारच्या बाजारात एखाद्या दुकानापुढे रेंगाळलो तर दुकानदार फार तर हाक मारील. हे यंत्र तसे करीत नाही. तुम्ही ज्या दुकानापुढे रेंगाळलात ते दुकान उद्या ते तुमच्या दारात आणून उभे करते, परवा माजघरात आणते, आणि आठवड्याने घरात दुसरे काही उरतच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील व केंट विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण मुलांच्या आवडीनिवडींप्रमाणे टिकटॉकवर खाती उघडून पाहिली, तेव्हा सुचवलेल्या चित्रफितींपैकी स्त्रीद्वेषाच्या चित्रफिती पाच दिवसांत शंभरात १३ वरून ५६ वर गेल्या. टिकटॉकवर आपल्याकडे २०२० पासून बंदी आहे. पण ज्या तत्त्वावर ते यंत्र चालते, त्याच तत्त्वावर इतर माध्यमांची यंत्रेही चालतात. त्यांना स्त्रीशी वैर नाही आणि पुरुषाशी मैत्रीही नाही. तुम्ही जितका वेळ पाहाल तितक्या जाहिराती खपतात, आणि रागावलेला माणूस जास्त वेळ पाहतो, एवढाच त्यांचा हिशेब आहे.

या हिशेबात चांगल्या गोष्टीचेही कसे विष होते, याचे एक उदाहरण सांगतो. इंग्रजीत ‘इन्सेल’ असा एक शब्द आज फार ऐकू येतो. जोडीदार मिळत नाही म्हणून स्त्रियांवर सूड उगवू पाहणारे तरुण, असा त्याचा आज अर्थ आहे. हा शब्द ज्या कल्पनेतून आला, ती १९९७ च्या सुमारास टोरँटोच्या एका तरुणीने मांडलेली होती. जोडीदार नसलेल्या एकाकी स्त्रीपुरुषांनी परस्परांना धीर द्यावा, म्हणून तिने इंटरनेटवर एक जागा सुरू केली होती. ती तरुणी त्यातून बाहेर पडली. शब्द मागे राहिला आणि रागावलेल्या पुरुषांच्या हाती गेला. २०१८ साली त्याच टोरँटो शहरात त्या विचाराचा हवाला देणाऱ्या एका तरुणाने रस्त्यावरच्या लोकांवर गाडी घातली आणि दहा माणसे जागच्या जागी मेली. धीर देण्यासाठी जन्मलेला शब्द वीस-एकवीस वर्षांत या थराला गेला.

येथे कुणी म्हणेल की, मग पुरुषाने आपले दुःख बोलायचेच नाही काय? अवश्य बोलावे. कसे बोलावे, याचा धडा आपल्याच महाराष्ट्राने दिला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक विलक्षण मोर्चा निघाला. लग्न न जमलेले तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर गेले. वर्तमानपत्रांनी त्याची गंमत केली. पण त्यांच्या निवेदनात काय होते? गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची कडक अंमलबजावणी करा, ही त्यांची मागणी होती. श्रोतेहो, या मागणीकडे नीट पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ उरल्या. आमच्या वाट्याची नवरी कुणी हिरावली, याचा शोध घेत घेत हे तरुण योग्य दारापाशी पोहोचले. नवरी नकार देणाऱ्या मुलीने हिरावली नव्हती. जिला जन्मच मिळाला नाही तिच्या आजोबांनी, वडिलांनी आणि सोनोग्राफीवाल्या डॉक्टरने ती हिरावली होती. तोच तरुण, तेच दुःख. पण ते नाव सांगून, दिवसाउजेडी, दहा सोबत्यांसह जिल्हाधिकाऱ्यांच्या दारी गेले तर ती मागणी होते, आणि रात्री दोन वाजता खोट्या नावाने एखाद्या अनोळखी मुलीच्या छायाचित्राखाली ओतले तर ती शिवी होते. नोकरी कंत्राटी झाली ती त्या मुलीमुळे नव्हे. कारखाना तिने बंद केला नाही, फ्लॅटचा भाव तिने वाढवला नाही. राग खरा आहे. त्याचा पत्ता चुकला आहे. आणि चुकीच्या पत्त्यावर टाकलेल्या पत्राचे उत्तर येत नाही, म्हणून लिहिणारा अधिकच चिडतो.

तथापि येथे मला एक इशारा दिला पाहिजे. पुरुषाच्या एकाकीपणाबद्दल मी एवढे बोललो, ते कारण म्हणून. त्याची सबब कुणी करू नये. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीला, तिने नकार दिला म्हणून, एका तरुणाने साथीदारांसह परीक्षेच्या वर्गात शिरून जिवंत जाळले. तेव्हा मोबाईल नव्हता. ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्दप्रयोग त्या काळी वर्तमानपत्रांनी रूढ केला, आणि माझ्या मते तो शब्दच अपराधी आहे. कारण ज्यात समोरच्या माणसाच्या होकाराची किंमत नाही त्याला प्रेम म्हणता येत नाही. पुढे ३१ वर्षांनी, २२ सप्टेंबर २०२१ रोजी, डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यात १५ वर्षांच्या एका मुलीच्या फिर्यादीवरून गुन्हा नोंदला गेला. फिर्यादीप्रमाणे, जानेवारीत तिच्या ओळखीच्या मुलाने तिच्यावर अत्याचार करून त्याचे चित्रण केले. त्या चित्रणाचा धाक दाखवून पुढचे आठ महिने, वेगवेगळ्या ठिकाणी, अनेकांनी तिच्यावर अत्याचार केले. तिने ३३ जणांची नावे सांगितली. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. त्यावर मी बोलणार नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, आठ महिन्यांत एवढ्या माणसांपैकी एकालाही ही गोष्ट कुठे सांगावीशी वाटली नाही, आणि त्या मुलीला आठ महिने ती घरी सांगता आली नाही. हे तरुण एकाकी होते असे कुणी म्हणणार नाही. त्यांची टोळी होती. एकट्याच्या मनातला द्वेष धोक्याचा खराच, पण त्या द्वेषाला टाळी देणारे सोबती मिळाले म्हणजे काय होते ते येथे दिसते.

आणि त्या मुलीला घरी का सांगता आले नसावे? कारण तिने सांगितले असते तर आपण पहिला प्रश्न काय विचारला असता, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘तू गेलीसच कशाला?’ धमकीच्या चित्रणात मुळात बळ नसते. ते बळ त्याला आपल्या या प्रश्नाने येते. ज्या घरातली मुलगी ‘बाबा, एक जण मला धमकी देतोय’ असे न घाबरता सांगू शकते, त्या घरापुढे ती धमकी पोकळ ठरते. मुलीचा मोबाईल काढून घेणे हा उपाय पुष्कळ घरांत करतात. तो करू नये. शिवी दिली दुसऱ्याने आणि शिक्षा मुलीला, असा त्याचा अर्थ होतो. आणि मग पुढची शिवी ती आपल्याला सांगत नाही. कायदा आज तिच्या बाजूचा आहे. नको म्हटल्यावरही पाठलाग करणे, मग तो रस्त्यावरचा असो की मोबाईलवरचा, हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात तो आहे. सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठी १९३० हा दूरध्वनी आहे. पुरावा म्हणून मजकुराची छायाचित्रे जपून ठेवावीत, रागाच्या भरात पुसून टाकू नयेत, आणि ठाण्यावर जाताना मुलीबरोबर घरातले कुणी तरी जावे.

आता थोडे आपल्या वयाच्या मंडळींविषयी. आपण काही कुणाला शिव्या देत नाही, असे समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांना वाटत असेल. पण सकाळी चहा घेताना सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात सुप्रभाताच्या पाठोपाठ बायकोवरचा जो विनोद येतो, तो कोण पाठवतो? बायको म्हणजे खर्च, बायको म्हणजे कटकट, बायको माहेरी गेली म्हणजे स्वातंत्र्यदिन! तीस-चाळीस वर्षे जिच्या हातचे जेवलो, तिच्याविषयी हे आपण जगाला सांगतो आणि वर हसरे चेहरे मिळवतो. नदी मुखापाशी घाण झाली म्हणून ओरडणाराने उगमापाशी काय टाकले, तेही पाहावे. नातवाच्या मोबाईलमधली शिवी आणि आजोबांच्या मोबाईलमधला विनोद यांत अंतर पुष्कळ आहे, हे मी मान्य करतो. पण दोन्ही एकाच उताराने वाहतात. असा विनोद आला की गटातल्या एखाद्या पुरुषानेच, भांडण न करता, ‘हे मला आवडले नाही’ एवढे लिहावे. स्त्रीने लिहिले तर तिला विनोदबुद्धी नाही असे ठरते. पुरुषाने लिहिले तर दुसऱ्या दिवशी पाठवणारा जरा थांबतो. याला धैर्य फारसे लागत नाही, आणि तेवढेही आपण दाखवीत नाही.

त्या तरुणासाठी काय करता येईल? उपदेश तर त्याला नकोच आहे. उपदेश करणारे मोबाईलमध्ये पुष्कळ आहेत. त्याला हवी आहेत माणसे आणि काम. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आपल्या पूर्वजांनी हाती पैसा नसताना या संस्था काढल्या, त्या केवळ पुस्तकांसाठी नव्हेत. परक्या माणसाशेजारी बसायची, त्याचे न पटणारे बोलणे ऐकून घ्यायची सवय तेथे लागत असे. आज आपल्या संकुलांत वाहनतळ आहेत, जलतरण तलाव आहेत; संध्याकाळी चार तरुण मुले-मुली कारणाशिवाय बसतील अशी जागा मात्र नाही, आणि बसली तर पहारेकरी उठवतो. कट्टे मोडले म्हणून आपण समाधान मानले. तो कट्टा मोबाईलमध्ये गेला आणि तेथे मुली नाहीत, वडीलधारी माणसे नाहीत, लाज धरावी असे कुणीच नाही. व्यायामशाळा, गिर्यारोहणाचे गट, नाटकमंडळी, रक्तदानाची शिबिरे, जे काही असेल त्यात मुलामुलींनी बरोबरीने राबावे. स्त्रीबरोबर काम केलेल्या पुरुषाला तिच्याविषयीच्या गोष्टी ऐकीव राहत नाहीत. त्याच्याजवळ स्वतःचा अनुभव असतो, आणि अनुभवापुढे चित्रफितीचे फारसे चालत नाही.

घरात आपण मुलाला एक विद्या लहानपणीच दिली पाहिजे. ती नकार ऐकण्याची विद्या. मुलींना आपण ती पाळण्यापासून देतो. मुलग्याला मात्र मागितले ते मिळते. वीस वर्षे होकार ऐकलेला मुलगा जगातला पहिला नकार एखाद्या मुलीच्या तोंडून ऐकतो, आणि तो नकार म्हणजे अपमान असे त्याला वाटते. नकार हे एक साधे उत्तर आहे, त्याने आपण लहान होत नाही, हे त्याला बापाने सांगावे. आईने सांगून पुरत नाही. आणि ते सांगण्यापूर्वी बापाने ‘जेवलास का’ याच्या पुढचे एक वाक्य मुलाशी बोलायला शिकावे. ‘तुझे कसे चालले आहे?’ असे विचारून, उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. उत्तर पहिल्या दिवशी येणार नाही. आठ दिवसांनी येईल.

ताराबाईंनी १८८२ साली विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुरुषांनी अजून दिलेले नाही. ते उत्तर लेख लिहून देता येईल असे मला वाटत नाही. मुलगा दुखावला गेला असताना त्याने आपला राग कुठे न्यावा, हे ज्या घरात त्याला शिकवले जाते, त्या घरापुरते ते दिले जाते. आपण येथून घरी जाल तेव्हा त्या खोलीतला उजेड बहुधा चालू असेल. दार लोटून आत जावे आणि शेजारी बसावे, एवढीच माझी विनंती आहे.